समुद्राच्या काळातली भेग

आमच्या सोसायटीत मला 'दगडवाल्या मॅडम' म्हणतात. निवृत्तीनंतर विरार पूर्वेला चंदनसारमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा सेक्रेटरी सावंतांनी व्यवसाय विचारला. मी भूशास्त्रज्ञ म्हणून सांगितलं. "म्हणजे वास्तुशास्त्रासारखंच ना?" असं म्हणून त्यांनी तशी नोंद केली. तेव्हापासून माझ्याकडे येणारी मंडळी थोडी निराळी असतात. कुणाला बोअरवेल कुठे मारायची ते हवं असतं, कुणाला अंगठीतला खडा खरा की खोटा ते. एक गृहस्थ स्वतःचा मूतखडा डबीत घालून घेऊन आले होते. मी भिंगातून पाहिला आणि स्फटिक चांगले झालेत म्हणून सांगितलं. ते समाधानाने घरी गेले.

पालघरच्या बाजूला जमिनीला धक्के बसू लागले त्यानंतरची गोष्ट. एका सकाळी सावंत आले. त्यांच्या दिवाणखान्यातला बंद पंखा आपोआप हलला होता.

"मॅडम, हे असंच चालू राहिलं तर इथे हिमालयासारखं काही होणार का?"

"होऊ शकेल."

"कधी?"

"आपल्या पुनर्विकासाच्या आधी नाही."

सावंतांना हायसं वाटलं. आमच्या इमारतीचा पुनर्विकास कधी होणार हे तेही सांगू शकत नाहीत.

चेष्टा बाजूला ठेवली तर प्रश्न चांगला होता. माझ्या नोकरीतला सगळ्यात कठीण काळ ह्याच प्रश्नाच्या उत्तरावरून गेला. ह्या अंकाच्या संपादकांनी आठवणी लिहा म्हटल्यावर बढत्या-बदल्यांचं पुराण लावण्यापेक्षा तेवढंच सांगावं असं ठरवलं. पण त्यासाठी आधी आपल्या किनाऱ्याबद्दल दोन शब्द.

वसई-विरारचा किनारा हा फाटलेल्या जमिनीचा काठ आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या पश्चिमेलाही जमीनच होती. ती ताणली गेली, तिला भेगा पडल्या, भेगांच्या पलीकडचे तुकडे पायरी-पायरीने खचले आणि शेवटी पलीकडचा भाग सुटून निघून गेला. त्याचा काही अंश आज सेशेल्स बेटांच्या खाली आहे. मध्ये समुद्र शिरला. मागे राहिलेल्या आपल्या काठावर त्या भेगा अजून तशाच आहेत, वरून गाळ, भात, मिठागरं आणि हल्ली टॉवर आल्यामुळे दिसत नाहीत इतकंच. तानसा नदीकाठी अकलोलीला जमिनीतून गरम पाणी येतं ना, ते असल्याच भेगांतून खोलवर जाऊन तापून वर येतं.

आता मुद्दा असा की हिमालय जिथे उभा आहे तिथेही एकेकाळी असाच किनारा होता. आपल्या देशाची उत्तरेकडची कड पंचवीस कोटी वर्षांहून आधी अशीच ताणली गेली, फाटली, पायऱ्यांनी खचली. खचलेल्या खड्ड्यांत समुद्राचा गाळ साठत राहिला. पुढे फार काळाने हाच देश उत्तरेला जाऊन आशियावर आदळला आणि ती कड दाबली गेली. तेव्हा डोंगर कसा होतो? लोकांना वाटतं, सतरंजी ढकलली की घड्या पडतात तसा. थोडाफार तसा होतोही. पण जमीन दाबाखाली नव्याने मोडायचे कष्ट सहसा घेत नाही. आधीची भेग असेल तर तिचाच उपयोग करते. ज्या भेगेवरून एक तुकडा खाली गेला होता, त्याच भेगेवरून तो परत वर ढकलला जातो. म्हणजे डोंगराची रचना, निदान ठिकठिकाणी, डोंगर व्हायच्या कितीतरी आधी ठरलेली असते. हे मी वर्गात शिकले होते. बोगद्यात शिकणं वेगळं.

मी मूळची होळीची. वसईजवळचं होळी गाव, सण नव्हे. वडिलांची केळीची आणि भाजीची वाडी होती, कडेला बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, त्यावर शिंपणं. मला नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा ते आळ्यात वाकलेले होते.

"कसली नोकरी म्हनालीस?"

"दगड बघायची. सरकारी आहे."

"आनि दगड नाय दिसला तर?"

"तरी पगार मिळतो."

ते थोडा वेळ पाणी कुठवर गेलं ते पाहत राहिले. "मग जा," म्हणाले.

त्यांचे गुडघे दुखायचे. म्हणून हिवाळ्यात आम्हाला घेऊन ते एसटीने अकलोलीच्या कुंडांवर जायचे. आम्ही पोरं पाण्यात हात घालून कोण जास्त वेळ टिकतो ते बघायचो. भूशास्त्राशी माझा तो पहिला संबंध, पण तेव्हा त्याला सहल म्हणायचे.

नोकरीच्या उत्तरार्धात माझी नेमणूक हिमालयातल्या एका खोऱ्यात रस्त्याच्या बोगद्यावर झाली. खोऱ्याचं नाव सांगत नाही, कारण त्या गोष्टीतली काही माणसं अजून पेन्शन घेत आहेत. बोगद्यावर भूशास्त्रज्ञाचं काम साधं असतं. डोंगराच्या वर फिरून खडकांचा नकाशा काढायचा आणि खाली बोगद्यात पुढे काय लागेल ते सांगायचं. बोगदा जिथवर खणून झालेला असतो तिथल्या शेवटच्या दगडी भिंतीला सगळे फेस म्हणतात. पहिल्या दिवशी कुणी तरी "फेसवर पाणी आलंय" म्हणालं तेव्हा मला कपडे धुणं आठवलं. फेसला भोकं पाडायची, त्यांत स्फोटकं भरायची, उडवायचं, मलबा काढायचा, छतावर-भिंतींवर सिमेंटचा फवारा मारायचा आणि पुन्हा भोकं. मलबा निघाल्यापासून फवारा येईपर्यंत जो वेळ मिळेल त्यात मी उघडा दगड बघायचा. म्हणजे पेशंटला शर्ट घालता घालता तपासायचं.

बोगद्याचे प्रमुख इंजिनिअर जगदाळे साहेब होते. साताऱ्याकडचे. इतक्या लांब मराठी माणूस भेटल्याचा मला आनंद झाला. तो त्यांना झालेला दिसला नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सह्याद्रीत बोगदे खणण्यात घालवली होती आणि त्यांच्या मते देवाने आपला काळा कातळ केला आणि मग हिमालय करताना तो दमलेला होता. पहिल्याच भेटीत म्हणाले, "राऊत मॅडम, तुम्ही डोंगर बघा, आम्ही फोडतो. एकमेकांच्या कामात पडायला नको."

फेसवरचा फोरमन तिर्की नावाचा झारखंडचा माणूस होता. बारीक, काटक, नियमांचा भारी पक्का. बोगद्यात धावणाऱ्याला, विडी ओढणाऱ्याला, हेल्मेट काढणाऱ्याला तो उभा करून झापायचा. कामगार त्याला मागून 'प्रिन्सिपल' म्हणत.

आधीच्या नकाशावर बोगद्याच्या वाटेत एक रेघ होती, म्हणजे जमिनीतली भेग. वरच्या डोंगरात ती सहज दिसायची. उत्तरेकडचा खडक दक्षिणेकडच्या खडकावर चढून बसलेला, हिमालयात जागोजागी असतो तसा. अशा रेघेच्या बाजूचा दगड भरडलेला असतो आणि त्यात पाणी भरलेलं असतं, त्यामुळे बोगदेवाल्यांना ती नको असते. पण नकाशा करणाऱ्यांनी ती नेहमीसारखी लवंडलेली धरली होती, लांबलचक घसरगुंडीसारखी उत्तरेकडे उतरत जाणारी. आमचा बोगदा दक्षिणेकडून येत होता आणि डोंगराच्या माथ्याखाली खूप खोल होता. घसरगुंडीच्या हिशोबाने ती भेग इतक्या खोलीवर पार लांब उत्तरेला भेटणार होती. म्हणून तोवर निर्धास्त काम चाललं होतं.

मी वर हिंडत होते तेव्हा मला एक गोष्ट खटकली. त्या भागात चुनखडीचा एक पांढरा पट्टा आहे, कुठूनही ओळखू येतो. त्याच्याखाली काळा पाटीचा दगड, म्हणजे जुन्या समुद्राचा चिखल. रेघेच्या दक्षिणेला हा काळा थर एका घराच्या उंचीएवढा होता. उत्तरेला तोच थर चढून संपवायला मला सकाळपासून दुपार झाली. एकाच समुद्राचा, एकाच काळातला चिखल, इकडे घराएवढा आणि तिकडे आख्खी डोंगराची बाजू. रेघ डोंगर होताना पडली असती तर दोन्हीकडे चिखल साधारण सारखाच असता. तो तसा नव्हता, म्हणजे चिखल साचत होता तेव्हाच तिथे पायरी होती. उत्तरेची बाजू खचलेली, दक्षिणेची उभी. ही समुद्राच्या काळातली भेग होती. किनारा फाटताना पडलेली. नंतरच्या दाबाने तिच्यावरूनच खचलेली बाजू उचलून वर आणली होती.

आणि ताणाने पडणारी भेग ही घसरगुंडीसारखी लवंडलेली नसते. ती बरीच उभी असते. उभी असेल तर बोगद्याला ती लांब उत्तरेला भेटणार नव्हती. खूप अलीकडे भेटणार होती.

मी जगदाळे साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन कागदावर चित्र काढलं. त्यांनी चहाचा कप बाजूला केला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, पंचवीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता म्हणून मी आज काम हळू करायचं."

"हो."

"हे मी वर कसं सांगू?"

"समुद्राचं सांगू नका. पुढे एक लांब चाचणीचं भोक पाडून बघा."

त्यांनी ते केलं. माझ्या समाधानासाठी, असं ते म्हणाले, पण केलं. एक पूर्ण पाळी काम थांबवून फेसमधून पुढे लांबलचक भोक पाडलं. मी सांगितलेल्या जागेच्या पलीकडे जाईपर्यंत दगड घट्ट, कोरडा आणि अखंड निघाला. तिर्कीने बाहेर आलेला चुरा माझ्या हातावर ठेवला आणि अगदी आदराने म्हणाला, "मैडम, पत्थर तो एक नंबर है." जेवणाच्या खोलीत त्या दिवशी माझ्याशी सगळे फार गोड वागले. एवढं गोड की मी डाळ अर्धी टाकून उठले.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा वर गेले. चूक कुठे ते सापडायला फार वेळ लागला नाही. हिमालयात उतारावरचा कातळ हळूहळू दरीकडे लवंडत असतो. मी भेगेचा कल अशाच लवंडलेल्या कातळावर मोजला होता, त्यामुळे ती आहे त्याहून उभी वाटली होती. आत ओढ्याच्या खोबणीत खरा कल मिळाला. उभी होतीच, पण मी म्हटलं तेवढी नाही. म्हणजे भेग अजून थोडी पुढे होती. हे साहेबांना सांगायला जाणं हे त्या आख्ख्या डोंगरापेक्षा मोठी चढण होती.

"पुढे आहे म्हणता."

"हो."

"आणि पुढेही नसली तर?"

"तर अजून पुढे."

"छान शास्त्र आहे तुमचं," ते म्हणाले. "आमचा ज्योतिषी निदान वार तरी सांगतो."

दुसरं भोक पाडायला त्यांनी साफ नकार दिला. मला राग आला नाही. वरून त्यांच्यावर रोज फोन येत होते, पाहणीसाठी मोठी माणसं येणार होती, आणि त्यांनी माझ्यासाठी एकदा काम थांबवून झालेलं होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही माझं ऐकलं नसतं.

मग मी एकच केलं. प्रत्येक स्फोटानंतर फेसवर जायला लागले. आधी एका पाळीला जायचे, आता सगळ्या पाळ्यांना. तिर्की मला बघून कामगारांना म्हणायचा, "हटो, डॉक्टर आ गए."

एका सकाळी नवी भोकं पाडून झाल्यावर फेसच्या खालच्या कोपऱ्यातून पाण्याची बोटभर धार येताना दिसली. बोगद्यात पाणी येतच असतं, त्यात नवल नाही. तिकडचं पाणी बर्फाचं असतं, हात बधिर करणारं. मी सवयीने धारेखाली हात धरला. पाणी कोमट होतं.

मी हात काढला नाही. दुसराही घातला. एवढ्या थंड डोंगरात कोमट पाणी एकाच वाटेने येऊ शकतं: खूप खोलवर गेलेल्या भेगेतून. आणि तिच्या इतक्या जवळ आलो होतो की ते आता दगडातून झिरपून आमच्यापर्यंत पोचलं होतं. वर खडक ठीक दिसत होता. पण काळ्या दगडाचे पापुद्रे हाताने सुटत होते आणि आतून साबणासारखे गुळगुळीत होते.

मागे भोकं पाडणारं यंत्र काम संपवून उभं होतं. कामगार भोकांत स्फोटकं भरायला लागले होते. मी तिर्कीला थांबायला सांगितलं. तो म्हणाला, साहेबांनी सांगितल्याशिवाय थांबता येत नाही, तसा नियम आहे. मी आतल्या फोनवरून साहेबांना बोलावलं. "पाणी गरम आहे," एवढंच म्हणाले.

ते आले, वाकले, हात धरला. मग हेल्मेट सारखं करत मला विचारलं, "हे तुम्ही लिहून द्याल?"

"आत्ता देते."

"नको. तुम्ही लिहिलंत तर मला वाचावं लागेल. वाचलं तर वर पाठवावं लागेल. वर पाठवलं तर मीटिंग लागेल." ते तिर्कीकडे वळले. "कितना भरा?"

"आधा, साहब."

"निकालो."

भरलेली स्फोटकं परत काढणं हे भरण्यापेक्षा वाईट काम. तिर्कीने बाकी सगळ्यांना मागे पाठवलं आणि दोन जुन्या माणसांना घेऊन ती एकेक करून स्वतः काढली. आम्ही मागे उभे होतो. जगदाळे साहेब माझ्याशी हलक्या आवाजात बोलत होते, पण विषय साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा होता. मला तेव्हा त्यांचा संताप आला. पुढे लक्षात आलं, की मी हेल्मेटचा पट्टा पुन्हापुन्हा सोडून बांधत होते आणि त्यांनी ते पाहिलं होतं.

स्फोटकं निघाल्यावर त्यांनी सगळा बोगदा रिकामा करायला सांगितलं. यंत्र बाहेर आणायचं का, असं चालकाने विचारलं. ते सावकाश चालतं, बाहेर यायला बराच वेळ लागला असता. "राहू दे," ते म्हणाले. "तू चल."

मग आम्ही बोगद्याच्या तोंडाशी बाहेर बसलो आणि काही झालं नाही. दुपार झाली. दुसऱ्या पाळीची माणसं आली आणि तीही बाहेर बसली. पत्ते निघाले. वरून फोन आला.

"क्या हुआ है?"

"अभी कुछ नहीं हुआ," साहेब म्हणाले.

पुन्हा फोन आला. संध्याकाळच्या आत काम सुरू करायला सांगितलं होतं. साहेब "जी" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. मी माझ्या बुटांकडे बघत होते. एकदा मी चुकले होते. दुसऱ्यांदा चुकले तर माझं काही विशेष जाणार नव्हतं, बदली झाली असती. त्यांचं मात्र सगळंच जाणार होतं.

"साहेब, मी लिहून देते ना," मी म्हटलं.

"तुम्ही खात्री असल्याचं एकदा म्हणालात तेव्हा पाणी नव्हतं. आता म्हणत नाही आणि पाणी आहे. मला दुसरं पटतं."

आतला वीजपुरवठा बोगद्याच्या मध्यावरच्या विजेच्या खोलीतून बंद करायचा राहिला होता. कामगारांना नको म्हणून तिर्की एकटाच गेला. तो आत असतानाच बोगद्यातून वारा आला. बोगद्याला वारा नसतो. तोंडाशी ठेवलेले पत्ते उडून गेले, मग धूळ आली आणि मग खूप लांब कुठे तरी मोठं गाठोडं पडावं तसा आवाज. आतले दिवे विझले. काही वेळाने जमिनीवरून पाणी वाहत आलं, गढूळ, आणि त्यावर वाफ होती.

जगदाळे साहेब अंधाराकडे तोंड करून उभे राहिले. कुणीतरी आत धावायला निघालं, त्याला त्यांनी दंडाला धरून थांबवलं. ते तिर्कीच्या नावाने ओरडले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

मग बॅटरीचा एक ठिपका दिसला. हलत हलत मोठा होत आला. तिर्की पाण्यातून चालत येत होता. चालत. कमरेपर्यंत चिखलाने माखलेला, हेल्मेट डोक्यावर, पट्टा बांधलेला.

"भागे क्यों नहीं?" साहेब किंचाळले. मी त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला.

"साहब," तिर्की धापा टाकत म्हणाला, "टनल में दौड़ना मना है."

साहेबांनी त्याला मिठी मारली. त्यांचा शर्ट पुढे धुवूनही पांढरा झाला नाही.

फेस पूर्ण कोसळला होता. भरडलेला दगड, चिखल आणि कोमट पाणी बोगद्यात दूरपर्यंत भरलं होतं आणि यंत्र दिव्यांपर्यंत त्यात गाडलं गेलं होतं. हजेरी झाली. सगळे होते.

इथे गोष्ट चांगली संपायला हवी होती. पण चौकशी समिती आली. समितीचा प्रश्न असा होता: धोका ठाऊक होता तर इतकं मोठं यंत्र आत का सोडलं, आणि ठाऊक नव्हता तर काम का थांबवलं? माणूस मेला असता तर प्रश्न वेगळे झाले असते. कुणी मेलं नव्हतं, त्यामुळे नुकसान झालेली एकच वस्तू समोर होती, ती म्हणजे यंत्र. जगदाळे साहेबांनी उत्तर दिलं, की यंत्र बाहेर आणायला त्यावर माणूस बसवावा लागतो. समितीला ते तांत्रिक वाटलं नाही. मी पाटीच्या दगडाच्या जाडीपासून कोमट पाण्यापर्यंत सगळं सांगितलं. अहवालात मात्र 'अनपेक्षित भूगर्भीय परिस्थिती' असे शब्द आले. ती मी अपेक्षिली होती, दोनदा, असं मी लिहून कळवलं. माझं पत्र पोचल्याचं उत्तर आलं.

साहेबांना बिनकामाच्या पदावर बसवलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. बोगद्याची वाट त्या जागी थोडी वळवून, पुढचा दगड सिमेंटने आधी घट्ट करून, नव्या लोकांनी काम पुरं केलं. आमचा संपर्क दिवाळीच्या शुभेच्छांपुरता राहिला. मग एका वर्षी त्यांच्या नंबरवरून त्यांच्या मुलीचा निरोप आला. साहेब गेले होते.

मुलगी विरारला राहते. जगदाळे वहिनी साताऱ्याचं घर बंद करून तिच्याकडे आल्या आणि एका दुपारी रिक्षा करून माझ्याकडे चंदनसारला आल्या. सरळ बसल्या, पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "राऊतताई, तुम्ही तिथे होता. ह्यांचं नेमकं काय चुकलं होतं, ते मला सांगा. आता राग नाही. पण माहीत असावं."

मला आधी कळेचना. मग कळलं. साहेबांनी घरी फक्त एवढंच सांगितलं होतं, की माझ्या हाताखाली एक मोठं यंत्र गाडलं गेलं. बाकी काही नाही. तिर्कीचं नाही, पाण्याचं नाही, फोनचं नाही. भावकीत, शेजारात कुणी विषय काढला की ते उठून जायचे. वहिनींनी त्यांना चूक केलेला माणूस म्हणून सांभाळून घेतलं होतं, मन लावून, न बोलता. कितीतरी वर्षं.

मी त्यांना सगळं सांगितलं. किनारा, भेग, पहिलं फसलेलं भोक, कोमट पाणी, पत्ते, तिर्की. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"आत सगळी पाळी असती तर?"

"एकही आला नसता."

वहिनींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला का नाही सांगितलं?"

जाताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं, की ती जागा बघता येते का.

गेल्या वर्षी आम्ही दोघी गेलो. खालच्या गावातून गाडी केली. चालक साठीचा, गप्प माणूस होता. बोगदा आता दिव्यांनी लख्ख आहे, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे. जरासं वळण येतं तिथे मी म्हटलं, "वहिनी, इथे." म्हणेपर्यंत ते मागे गेलं. पलीकडच्या तोंडातून आम्ही उन्हात बाहेर पडलो.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या.

"एवढंच."

त्यांनी गाडी वळवायला सांगितली. चालकाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. आम्ही पुन्हा आत शिरलो. ह्या वेळी वळणाच्या आधीच वहिनी पुढे सरकून सीटच्या पाठीला धरून बसल्या आणि आपल्या सातारी हिंदीत म्हणाल्या, "भाऊ, इधर जरा हळू लो."

बोगद्यात थांबायची मनाई आहे, पण हळू जायला नाही. त्याने गियर बदलला.

"यहाँ क्या हुआ था, माताजी?"

वहिनी काचेतून भिंतीकडे बघत होत्या. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी उत्तर दिलं.

"कुछ नहीं हुआ," त्या म्हणाल्या. "साहब थे ना."